फळ्यावरचं ऊन

खोक्यावर बाण होता, जाड आणि काळा. त्याच्या शेजारी उघडी छत्री आणि काचेचा पेला. म्हणजे ही बाजू वर ठेवा, भिजवू नका, आपटू नका. टीव्हीचं ते खोकं कापून, उलगडून वर्गाच्या दक्षिणेकडच्या उंच खिडक्यांना आतून ठोकलं होतं आणि ठोकताना उलटं लागल्यामुळे बाण जमिनीकडे बघत होता. खिडक्या मी आखलेल्या. भोर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या, चार वर्षांपूर्वी बांधलेल्या. जानेवारीचा तिसरा आठवडा होता, पटांगणावर सव्वीस जानेवारीच्या कवायतीची फक्की मारलेली होती. भोरमधलं दुसरं काम आटपून परतताना मी वाट वाकडी करून शाळेत डोकावले होते. सकाळचे साडेअकरा वाजलेले, बाहेर डोळे मिटायला लावणारं ऊन, आणि ज्या वर्गाचं उद्घाटनाच्या दिवशी ‘उजेडाचा वर्ग’ म्हणून कौतुक झालं होतं त्या वर्गात दोन ट्यूबलाइट चालू. उत्तरेच्या खिडक्यांची दारंही लावून घेतलेली. मुलं अंधारात शांत बसून टीव्हीवर ज्वालामुखी बघत होती.

गुरुजी ओशाळले. “मॅडम, तुम्ही येणार हे कळलं असतं तर काढून ठेवलं असतं,” म्हणाले. ते वाक्य मला खोक्यापेक्षा जास्त लागलं. सासूबाई यायच्या म्हटल्यावर त्यांनी दिलेला फोटो भिंतीवर लावायचा, तसा माझा उजेड! मी म्हटलं, काढू नका हो, का लावलंय ते सांगा. मग ते जरा मोकळे झाले. टीव्ही लावला की पोरांना त्यात आपलीच तोंडं दिसायची. टीव्ही एका कंपनीने सीएसआरमधून दिलेला, खोल्या दुसऱ्या कंपनीने दिलेल्या. एकीने उजेड दिला, दुसरीने अंधाराची गरज दिली, आणि दोघींमधला तंटा मिटवायला गुरुजींकडे खोक्याचा पुठ्ठा आणि पावशेर खिळे. “पण टीव्ही नंतर आला,” ते म्हणाले, “त्याआधीपासून ते फळ्याचं होतंच की.” फळ्याचं काय? “दिवाळी झाली की दुपारी तीननंतर फळ्यावर ऊन येतं. वरून, तिरकं. मग मी ऊन सोडून लिहायचो. ऊन सरकलं की मी सरकायचो.”

ऊन सोडून लिहायचो.

कापूरहोळला हायवेला लागेपर्यंत हे तीन शब्द डोक्यात घुमत होते. मला कुणी कधी कळवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. उद्घाटन जूनमध्ये झालं. फोटो ऑगस्टमध्ये काढले, बाहेर हिरवंगार, आत मऊ, सारखा, कुठेही न टोचणारा उजेड. पावसाळी आभाळ हा वर्गाचा सगळ्यात गुणी छायाचित्रकार असतो. त्या फोटोंवर मी चार वर्षं भाषणं ठोकली. थंडीतल्या एकाही दुपारी मी त्या वर्गात पाय ठेवला नव्हता.

आमच्या भाषेत ऊन वेगळं आणि उजेड वेगळा, हे मला या धंद्यात फार उपयोगी पडलं आहे. ऊन वाळवणाला, गादीला, तान्ह्या बाळाला तेल लावल्यावर. उजेड गहू निवडायला, सुईत दोरा ओवायला, वाचायला. वर्गात काय हवं, याचं सगळं शास्त्र या दोन शब्दांत येऊन जातं: उजेड आत, ऊन बाहेर. गवंड्यालाही हे एका वाक्यात समजतं. ते साधायचं कसं, हा पुढचा प्रश्न. या दोघांच्या मधलेही शब्द आपल्याकडे आहेत. फटीतून येते ती तिरीप, जमिनीवर पडतो तो कवडसा, दुपारी सगळं राखाडी करून टाकतं ते मळभ. लक्स, म्हणजे उजेडाचं एकक, मोजायच्या यंत्राला यातला फरक कळत नाही, ते नुसता आकडा दाखवतं.

आजोळच्या घरात उजेडाला एक ठरलेलं दार होतं. मंगलोरी कौलांमधलं काचेचं कौल. रत्नागिरीकडच्या त्या घराच्या माजघराला एकच खिडकी, तीही परसातल्या फणसामागे दडलेली. त्यामुळे माजघर म्हणजे दिवसाढवळ्या संध्याकाळ. पण दहाच्या सुमारास काचेच्या कौलातून उन्हाचा दांडा आत उतरायचा. चुलीचा धूर त्यात शिरला की तो अक्षरशः घट्ट व्हायचा, हाताने धरावा असा. आम्ही मुलं त्यात फुंकर मारून धूळ उडवायचो. आजीच्या लेखी मात्र तो घड्याळ होता. कवडसा जात्यापाशी आला की भात उतरवायचा, उंबऱ्याजवळ पोचला की पानं घ्यायची. घरात चावीचं घड्याळ होतं, टोलेही द्यायचं, पण त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. “ते माणसानं लावलेलं,” म्हणायची. आणि वैशाखात, ऊन असह्य झालं की, मामा शिडी लावून कौलांवर चढायचा आणि त्या एका कौलावर झाप सरकवायचा. नारळाच्या झावळीचा विणलेला, हातभर लांब. मृगाच्या आधी तो काढायचा. दरवर्षी. हे काम कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. पायात काटा गेला तर काढतो, तसं ते होऊन जायचं. या झापाची आठवण मला परवापर्यंत ‘कोकणातल्या गमती’ या खात्यात जमा होती.

मराठी शाळेत तर वीजच नव्हती. गजांच्या खिडक्या, शेणाने सारवलेली जमीन, आणि गुरुजी दर शनिवारी मुलांकडून काळा करून घेत तो फळा. कोळशाची पूड, त्यात पाल्याचा रस. हात दोन दिवस काळे राहायचे. आता मागे वळून बघताना कळतं की तो फळा डोळ्यांना किती सुखाचा होता. खरखरीत, कोरडा, जराही न चमकणारा. आजकाल फळ्याला ऑइलपेंट मारतात, तोही चकचकीत. टापटीप दिसतो, पण एका कोपऱ्यात बसलेल्या चार मुलांना त्यावर खडूऐवजी खिडकीच दिसते. “बाई, फळा चमकतोय” ही तक्रार प्रत्येक शाळेत असते आणि तिच्यावरचा उपायही प्रत्येक शाळेत तोच असतो: “सरकून बस.”

जुलैत मात्र त्या शाळेत काहीच चमकायचं नाही. भर दुपारी अंधारून यायचं, कौलांवर पाऊस कोसळत असायचा, पागोळ्यांचा पडदा लागायचा आणि फळा भिंतीत विरघळून जायचा. गुरुजी खडू खाली ठेवायचे. मग पाढे. तीसपर्यंत पावकी-निमकीसकट, पावसाच्या आवाजावर आवाज चढवून. पाढे संपले की कविता. आम्हाला वाटायचं, पाऊस पडला की पाढे असतात, हा निसर्गनियमच. दिसत नव्हतं म्हणून म्हणत होतो, हे कळायला मला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षात जावं लागलं. माझे एकोणतिसाचे पाढे अजून पक्के आहेत, त्याचं श्रेय शाळेच्या अपुऱ्या खिडक्यांना. असं काही लक्षात आलं की मग उजेडाच्या बाजूने फार तावातावाने बोलवत नाही.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला जो आकडा शिकवला तो अजून जिभेवर आहे. बाहेर ८००० लक्स धरायचे. स्वच्छ आभाळ, सूर्य क्षितिजाच्या वर १५ अंश, आणि थेट ऊन वगळून नुसत्या आभाळाचा उजेड: भारतीय मानकाने, आयएस २४४० ने, हिशेबासाठी धरलेलं आपल्या देशाचं आभाळ ते. या ८००० मधला जेवढा हिस्सा टेबलावर पोचेल तेवढा त्या खोलीचा प्रकाशगुणक. एक टक्का म्हणजे ८० लक्स. वर्गाला १.९ ते ३.८ टक्के, म्हणजे साधारण १५० ते ३०० लक्स हवेत. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतात आणि आपण वहीपर्यंत दीडशे पोचवायला धडपडतो, हे प्रमाण मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. अजूनही वाटतं.

ते पोचत का नाहीत याचं एक कारण फारच साधं आहे. आपल्याकडे लिंटेल, म्हणजे दारा-खिडकीच्या माथ्यावरची आडवी तुळई, सात फुटांवर असतं. का? तर दाराची उंची सात फूट. दार सात फूट, म्हणून खिडकीचा माथाही सात फूट, म्हणजे एका रेषेत बीम टाकता येतो आणि सेंट्रिंगवाल्याला डोकं चालवावं लागत नाही. खिडकीचा माथा जितका उंच, त्याच्या दुपटीइतका आत उपयोगाचा उजेड जातो, हा ढोबळ हिशेब. सात फुटाला चौदा. वर्ग वीस फूट रुंद. मग उरलेले सहा फूट कुणाचे? त्या सहा फुटांत कायम कोण बसतं, हे ज्यांनी शाळा बघितल्यात त्यांना सांगायला नको. खिडकी खालून वाढवून फायदा नसतो, बाकाच्या खाली पडलेला उजेड फक्त दप्तरांना मिळतो. वरचा एक फूट खालच्या तीन फुटांना भारी. मी हे वाक्य इतक्या सभांमध्ये म्हटलं आहे की आता कार्यकारी अभियंते माझ्याआधी म्हणतात आणि नंतर लिंटेल सातावरच धरतात.

भोरच्या वर्गात मला ते मोडायचं होतं. दक्षिणेला पडवी होती. पडवीचा स्लॅब आठ फुटांवर उतरवला, वर्गाचं छत त्याच्या वर उचललं, आणि मधल्या अंतरात भिंतभर दोन फुटी काचेची पट्टी. पडवीच्या स्लॅबवर चायना मोझॅक, तुटक्या पांढऱ्या टाइल्स, वॉटरप्रूफिंगला लावतात त्याच. म्हणजे ऊन स्लॅबवर पडेल, पांढऱ्यावरून उडून पट्टीतून आत शिरेल, वर्गाच्या छतावर जाईल आणि तिथून निवून मुलांच्या वह्यांवर उतरेल. पट्टीच्या माथ्यावर नऊ इंची छज्जा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सूर्य इतका डोक्यावर असतो की त्याला नऊ इंच पुरतात. उत्तरेला मोठ्या खिडक्या. उत्तरेचा उजेड सगळ्यात शहाणा म्हणतात. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारीही सूर्य उत्तरेकडे झुकतो खरा, पण तेव्हा आधी सुट्टी असते आणि मग ढग, त्यामुळे सुटतो. फळा पूर्वेच्या भिंतीवर. मुलं पूर्वेकडे तोंड करून बसली की उत्तर त्यांच्या डाव्या हाताला. लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही, हा दीडशे वर्षांपूर्वीपासून शाळा बांधणाऱ्यांच्या हाडीमासी खिळलेला नियम. माझा मावसभाऊ डावखुरा होता. सगळ्या उजेडाने आपल्याकडे पाठ करून बसावं तसा तो वर्गात वही तिरकी, मान तिरकी करून बसायचा आणि “नीट बस”चे धपाटे खायचा. शंभरातली दहाएक मुलं डावखुरी असतात. त्यांच्यासाठी दक्षिणेचाही उजेड हवा असं मी त्या प्रस्तावात लिहिलं होतं. ते एक वाक्य मी त्याच्यासाठी लिहिलं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

थंडीतला सूर्य मात्र खाली उतरतो. डिसेंबरच्या दुपारी पुण्याच्या परिसरात तो ४८ अंशांच्या वर चढत नाही, आणि तिसऱ्या प्रहरी तर खिडकीत वाकून बघतो. नऊ इंची छज्जा त्याला अडवत नाही. ते मला ठाऊक होतं. त्यासाठी पट्टीच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, अडीच फुटी फळी दाखवली होती. फेरोसिमेंटची, वरून पांढरी, भिंतीच्या लांबीभर. ऊन आत आलं तरी फळीवर अडावं आणि तिथून छताकडे उडावं. अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्या फळीवर बोट ठेवून एक साहेब म्हणाले, “एवढ्या उंचीवर फडताळ कशाला?” मी म्हटलं, फडताळ नाही, प्रकाशासाठी आहे. ठेकेदार म्हणाला, “मॅडम, लॉफ्ट केला की पोरं चढणार. पडलं एखादं म्हणजे?” साहेब म्हणाले, साठवणुकीची सोय या योजनेत बसत नाही. पंधरा मिनिटं मी भांडले. मग पत्र्याच्या ऐवजी स्लॅब राहतोय, उंची राहतेय, पट्टी राहतेय, एक फळी गेली तर जाऊ दे असं म्हटलं. माणूस मोठं वाचवायला लहान सोडतो आणि नंतर लक्षात येतं की ते लहान नव्हतं.

कंपनीच्या लोकांसमोर केलेल्या सादरीकरणात माझी एक आवडती स्लाइड होती. १९९९ साली अमेरिकेत लिसा हेशाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ठिकाणच्या शाळांचा अभ्यास केला, त्यात कॅलिफोर्नियातल्या कॅपिस्ट्रानो भागात सर्वांत जास्त नैसर्गिक उजेडाच्या वर्गांतल्या मुलांची गणितातली प्रगती वर्षभरात २० टक्के आणि वाचनातली २६ टक्के जास्त वेगाने झाली असं निघालं. हे आकडे दाखवले की बोर्डरूममधले फोनवरचे डोळे वर येतात. उजेड हा शब्द हृदयाला भिडतो, पण २६ टक्के खिशाला भिडतात. जे मी दाखवलं नाही ते असं. त्याच लोकांनी २००३ मध्ये फ्रेझ्नो या दुसऱ्या गावात पुन्हा पाहणी केली, तेव्हा उजेडाचा तसा फायदा दिसला नाही. खिडकीबाहेरचं दृश्य चांगलं असण्याचा फायदा दिसला. आणि दक्षिणेच्या वा पूर्वेच्या खिडकीतून थेट ऊन आत येतं, शिकवायच्या भिंतीवर डोळे दिपतात, शिक्षकाच्या हातात ते अडवायला पडदा नसतो, अशा वर्गांत मुलं मागे पडत होती. विशेषतः गणितात. हे मी वाचलं होतं. खाली रेघ मारून ठेवलं होतं. गुरुजींच्या तोंडून “ऊन सोडून लिहायचो” ऐकलं तेव्हा ती रेघ आठवली, पेन्सिलची, जरा थरथरलेली, बसमध्ये मारली असणार.

हा विषय असा आहे की त्यात जितकं मागे जावं तितकी कुणीतरी खिडक्या मोजत उभी असलेली माणसं भेटतात. आज पोलंडमध्ये असलेल्या ब्रेस्लाऊ शहरातला हर्मन कोन हा नेत्रवैद्य घ्या. १८६७ मध्ये त्याने १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. दहा हजार साठ! एकेका मुलाला पाटीसमोर उभं करून. अरुंद गल्लीतल्या, समोर उंच घरं असलेल्या अंधाऱ्या शाळांत जवळचंच दिसणारी मुलं जास्त, असं त्याला आढळलं आणि मग युरोपभर शाळांच्या खिडक्या वाढल्या. आता चीनमधल्या ग्वांगझूच्या प्रयोगानंतर गाडी भलत्याच बाजूला वळली आहे. तिथे पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर सोडलं, आणि तीन वर्षांनी ज्या मुलांना नव्याने चष्म्याचा दोष आला त्यांचं प्रमाण नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्क्यांवरून ३०.४ वर आलं. झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स असतात. मी पट्ट्या, फळ्या, मोझॅक करून तीनशे आणते. थोडक्यात, मधली सुट्टी माझ्यापेक्षा चांगली आर्किटेक्ट आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा गेले, या वेळी सांगून. गुरुजींना बजावलं होतं, काहीही काढायचं नाही. सोबत लक्स मीटर, टेप, आणि त्या फळीचा नवा नकाशा. पुठ्ठे जागेवर होते. उत्तरेची दारं बंद, टीव्हीवर आज व्हेल मासे. मी मागच्या भिंतीशी, रिकाम्या बाकावर बसले. मागच्या खेपेला जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटचे ठिपके दिसले होते, दक्षिणेच्या भिंतीपासून सहा-आठ फुटांवर, ओळीने. भिंतीवर बाराखडी रंगवणाऱ्याने सांडले असतील असं मनात धरलं होतं. ते ठिपके आता माझ्या पायाशीच सुरू होऊन फळ्याच्या दिशेने जात होते, आणि त्यातल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये लिंबाएवढा एक कवडसा होता. गोल. स्वच्छ. हलणारा. बघत राहिलं तर हलताना दिसत होता. पाच मिनिटांत चार बोटं पुढे. मान वर केली. पुठ्ठ्यातला एक खिळा निखळून पडला होता आणि त्या जागी भोक राहिलं होतं.

शेजारच्या बाकावरच्या चौथीतल्या मुलीने मी काय बघतेय ते बघितलं. “त्यो तितं गेला की मधली सुट्टी,” ती कुजबुजली आणि पुढच्या ठिपक्याकडे हनुवटी केली. मग जरा थांबून, “सरांचं घड्याळ दोन मिण्टं मागं हाय.”

मग ठिपके इतके का? तर तो एका जागी राहत नाही म्हणून. नाताळात मधल्या सुट्टीचा ठिपका भिंतीपासून लांब होता, संक्रांतीला जवळ सरकला, आता आणखी जवळ. दीड-दोन फुटांचा फरक. दर थोड्या दिवसांनी नवा ठिपका देण्याचं काम ठरलेल्या दोन मुलांकडे होतं आणि बाराखडीतून उरलेला रंग कपाटामागे लपवलेला होता. गुरुजींना हे ठाऊक आहे का, असं मी डोळ्यांनीच विचारलं. तिने खांदे उडवले. गुरुजी टीव्हीजवळ उभे राहून हसू दाबत होते, म्हणजे ठाऊक होतं.

“मॅडम,” मुलगी म्हणाली, “भोक तिकोनी हाय. मग ह्यो गोल कसा?”

मी वर बघितलं. पुठ्ठा फाटून खरंच त्रिकोण झाला होता. तिसऱ्या वर्षापासूनचं सगळं शिक्षण एका क्षणात घशाशी आलं आणि तिथेच अडलं. मी म्हटलं, तो भोकाचा आकार नाही, सूर्याचा आहे. जमिनीवर सूर्याचं चित्र पडलंय. तिला ते पटलं नाही. मग २०१९ च्या २६ डिसेंबरची सकाळ सांगितली, सूर्यग्रहण होतं, आमच्या सोसायटीतल्या कडुनिंबाखाली जमिनीवर शेकडो कोरी पडल्या होत्या, चंद्रकोरीसारख्या, पानांच्या फटी होत्या तशाच असून. ती विचारात पडली. “म्हंजी सूर्य तुटला तर ह्यो पण तुटणार?” हो. “मग आबाळ आलं की?” मग नाहीच पडणार. हे तिला माहीत होतं. “तवा सरांचं घड्याळ,” म्हणाली.

आणि वीज गेली. व्हेल मासा मध्येच विझला. कुणी काही सांगितलं नाही, दोन मुलगे उठले आणि उत्तरेच्या खिडक्यांची दारं धाडधाड उघडत गेले, एक, दोन, तीन, चार. वर्ग भरून आला. मुलांनी डोळे चोळले, वह्या काढल्या, खिडकीतून शेजारच्या शेतातली ज्वारी दिसायला लागली. गुरुजींनी खडू उचलला. मी सवयीने मीटर ठेवला: खिडकीजवळच्या ओळीत ३४०, पार दक्षिणेच्या भिंतीशी ७०. पट्टी उघडी असती तर तिथे किती मिळाले असते, याचा हिशेब मनात चालू झाला, तो मी थांबवला. कवडसा या उजेडात फिका पडला होता, जवळजवळ नाहीसाच. पण ज्यांना जागा माहीत होती त्यांना दिसत होता. ठिपक्याला शिवला तेव्हा सात-आठ माना एकदम फिरल्या आणि मग घंटा झाली. दोन मिनिटांनी.

दुपारी गुरुजींबरोबर शिडी लावून मापं घेतली. फळी आता होणार आहे, पैसे लोकवर्गणीतून, शाळेच्या व्यवस्थापन समितीने मान्य केलं. शिवाय पट्टीला आतून पांढऱ्या पत्र्याच्या झडपा, वर बिजागरी, खाली दोरी, आणि दोरी बांधायला आकडा फळ्याजवळ, गुरुजींच्या हाताच्या उंचीवर. टीव्ही असेल तेव्हा सोडायच्या, नसेल तेव्हा ओढून घ्यायच्या. दोरीचा नकाशा काढायला मला फळीपेक्षा जास्त वेळ लागला. मामाचा झाप शिडीवर चढून लावावा लागायचा, ही तेवढी सुधारणा. फळी पट्टीच्या खालच्या कडेला येणार म्हणजे आत येणारं ऊन तिच्यावरच अडणार, कवडसा जमिनीपर्यंत पोचणार नाही. हे घरी आल्यावर लक्षात आलं. रात्री साडेअकराला पुन्हा कागद काढला, मागच्या बाजूच्या तिसऱ्या झडपेखाली फळीचा वीतभर तुकडा कापून वाट मोकळी केली आणि झडपेवर एक छोटंसं वर्तुळ काढलं.

परवा ठेकेदाराचा फोन आला. तोच, लॉफ्टवाला.

“मॅडम, सगळ्या झडपा सारख्या आहेत, पण तीन नंबरला भोक दाखवलंय. चुकून आलंय का?”

नाही, म्हटलं, हवंय ते.

“बरं. पण माप नाही दिलंय. बोटभर करू का लहान? आणि गोल पाडू का चौकोनी?”

बोटाहून बारीक ठेवा, म्हटलं. आकार कसाही चालेल.